अमळनेरची रुई

जयपूरच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात माझ्याविषयी एक अलिखित नियम आहे. पंडितकाकांनी सांगितलेल्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेल्या निम्म्यावर विश्वास ठेवायचा नाही. माझी तक्रार नाही. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून एकट्यानं बसून काढलेला माणूस खरं बोलून कुणाची करमणूक करणार? फुलेरा जंक्शनच्या अलीकडे सिग्नल मिळेना म्हणून आमची गाडी एकदा इतकी थांबली, की गँगमनच्या झोपडीवरचा भोपळ्याचा वेल माझ्या डब्यावर चढला, फुलला, धरला, आणि सिग्नल पडला तेव्हा मी भोपळे घेऊन घरी आलो. हे सांगितलं की लोक हसतात. पण बायकोनं त्याची भाजी केली आणि ती खारट झाली होती, एवढं पुढे जोडलं की निम्मे लोक मान डोलावतात. खारटपणावर लोकांचा फार विश्वास.

तर आज एका झुडपाची गोष्ट. यातलं खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं ते मी जाता जाता सांगत जाईन. एरवी ही सवलत मी कुणाला देत नाही.

खातीपुरा स्टेशनाच्या पुढे, जुन्या सिग्नल केबिनच्या मागे, रेताड मोकळी जागा आहे. तिथे पुरुषभर उंचीचं एक झुडूप उभं आहे. जाड पानं, त्यांच्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव. पान तोडलं की दुधाची धार. फुलांचे झुबके, पांढरी, पेल्यासारखी फुलं, आणि पाकळ्यांची टोकं जांभळ्या शाईत बुडवून काढल्यासारखी. इथली माणसं त्याला आकडा म्हणतात. आपण रुई म्हणतो. लावावी लागत नाही, पाणी घालावं लागत नाही, शेळीसुद्धा तिच्या वाटेला जात नाही. याहून सोपी ओळख दुसऱ्या कुठल्या झाडाची नसेल. आणि नेमकी हीच ओळख पटवताना माझ्या तोंडाला फेस आला.

इंदुमती ही माझ्या जुन्या मित्राची मुलगी. तिचा बाप नंदुरबारचा, मी अमळनेरचा. एकाच बदलीच्या लाटेत दोघं जयपूरला येऊन पडलो. तो नोकरीत असतानाच गेला. रेल्वेनं घरातल्या एकाला नोकरी देऊ केली. इंदू थोरली, शिकलेली; रणजीत तिच्या पाठचा भाऊ. पण तिची आई म्हणाली, "रणजीतला आधार हवा, उद्या त्याचं लग्न व्हायचंय." मग नोकरी रणजीतकडे गेली आणि स्वयंपाकघर इंदूकडे. पुढे आई गेली, रणजीतचं लग्न झालं, त्याची मुलं झाली, वाढली, शिकायला बाहेर पडली. नोकरीत रणजीतला बढत्या मिळत गेल्या. स्वयंपाकघरात बढती नसते. झोटवाड्यातल्या त्या घरी कोणी पाहुणा आला की रणजीतची बायको सुवर्णा कौतुकानं सांगते, "आमच्या वन्संच्या हाताला चव आहे हो. मी हात लावला की बिघडतं." इतकी वर्षं काहीही न बिघडवता बसून राहणं, हीही एक कलाच म्हणायची.

आणि वसंतराव. विमा कंपनीतले निवृत्त अधिकारी, मूळचे साताऱ्याकडचे, खातीपुऱ्यात एकटे राहणारे. दोन बायका झाल्या, दोन्ही आजारानं गेल्या. सभ्य माणूस. मंडळाच्या कार्यक्रमात सतरंजी झटकायला सगळ्यात आधी उठणारा. एकदा सकाळी फिरताना मला म्हणाले, "पंडितराव, एकटं फार जड जातं. इंदुमतीबाईंना विचारून बघाल का?"

मी विचारलं. इंदू मेथी निवडत होती. तिनं काडी मोडली नाही की मान वर केली नाही.

"त्यांच्या बाल्कनीत दोन खुर्च्या आहेत, काका," ती म्हणाली. "कोजागरीला गेलो होतो ना सगळे, तेव्हा पाहिल्या. एकीवर ते बसतात आणि दुसरीवर वाळलेले कपडे टाकतात. ते कपडे उचलले की झालं. कुणाच्या घरात जागा मागतेय असं नाही वाटणार मला."

"म्हणजे हो म्हणून सांगू?"

"सांगा. पण इथे घरात तुम्हीच बोला. मी बोलले की सुवर्णाचं डोकं दुखतं."

मी बोललो. रणजीत भिंतीकडे बघत राहिला. सुवर्णाचं डोकं दुखलं नाही, उलट डोळे पाणावले.

"आमची कशाला हरकत, काका? आनंदच आहे," ती म्हणाली. "पण तिसरेपणाचं काय? दोन गेल्या. तिसऱ्या आमच्या वन्सं. मला बाई घास उतरायचा नाही."

"मग काय करावं म्हणतेस?"

"आमच्या माहेरी, बार्शीकडे, असं असलं की नवरदेवाचं आधी रुईशी लग्न लावतात. तिसरी ती रुई. मग आमच्या वन्सं चौथ्या. जे काही व्हायचं ते रुईला होईल."

चाल जुनी आहे, मी लहानपणी पाहिलेली. सुवर्णाचा हिशोब मला तेव्हाच कळला. वसंतराव शिकलेले, झुडपाच्या गळ्यात मंगळसूत्र बांधायला लाजतील आणि प्रकरण आपोआप विझेल. पण वसंतराव लाजले नाहीत. "शास्त्र आहे तर करू की," असं इतक्या चटकन म्हणाले, की मला त्यांचं कौतुक वाटलं. आणि अट तरी कसली? जयपुरात रुई शोधायला डोळे उघडे असले तरी पुरे. मी त्यांना दुसऱ्याच दिवशी केबिनमागे घेऊन गेलो.

वसंतरावांनी झुडपाभोवती एक फेरी मारली. खिशातून मोबाइल काढला. पानाचा फोटो घेतला, फुलाचा घेतला, कळीचा घेतला, खाली बसून खोडाचा घेतला.

"हीच ना नक्की?"

"हीच."

"दुसरी कुठली असण्याची शक्यता?"

"वसंतराव, मुलगी पसंत नाही का? नाकीडोळी नीटस आहे, बोलत नाही, माहेरची कटकट नाही. आणखी काय हवं?"

ते हसले नाहीत. मी म्हटलं, विम्यातला माणूस. सही करण्याआधी चारही बाजूंनी बघणारच.

आठवडाभरात रणजीतचा फोन आला. "काका, घरी या. जरा घोळ आहे."

गेलो. वसंतराव आधीच येऊन बसलेले. कौशिक गुरुजीही होते. हा कौशिक चारदीवारीतला, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातला, चार पिढ्या जयपुरात मुरलेल्या मराठी घरातला तरुण. एरवी जवाहिऱ्याच्या पेढीवर माणिक-पाचू पारखतो आणि सुट्टीच्या दिवशी मंडळींच्या सत्यनारायणाला येतो. रणजीतनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यावर दोन फुलं शेजारी शेजारी.

"हे बघा. हे आपल्याकडचं, महाराष्ट्रातलं. जांभळट, मोठं, पाकळ्या पसरून मागे वळलेल्या. आणि हे तुमचं केबिनमागचं. पांढरं, लहान, पेल्यासारखं. आता मोबाइलला फूल दाखवलं की तो नाव सांगतो. आपल्याकडच्याचं नाव जायगँटिया आणि तुमच्या या फुलाचं प्रोसेरा. जात वेगळी. म्हणजे ही रुईच नव्हे, हा आकडा."

आता मी जे बोललो ते शब्द न् शब्द खरं होतं, हे लिहून ठेवा.

"रणजीत," मी म्हटलं, "दोन्ही रुईच. सख्ख्या बहिणी आहेत. एक पाण्यापावसाच्या मुलखात वाढते, दुसरी कोरड्या. आपल्या खानदेशात दोघी शेजारी शेजारी उभ्या असतात आणि माझी आई दोघींनाही रुईच म्हणायची. दोघींनाही दूध तेच, कापूस तोच. पोथीत 'अर्क' म्हटलंय, त्यात दोघी आल्या."

"काका, तुमच्या गाडीवर भोपळे लागले होते ना?" सुवर्णा गोड हसून म्हणाली.

"अगं, भोपळे वेगळे. दर शनिवारी तुम्ही मंडळी याच आकड्याच्या पानांची माळ करून मारुतीला घालता. इतक्या वर्षांत त्यानं एकदा तरी परत केली का, की ही आमच्याकडची नव्हे म्हणून?"

"मारुती ब्रह्मचारी," रणजीत म्हणाला. "त्याला लग्नातलं काय कळतंय?"

मी कौशिककडे वळलो. त्यानं येताना एक फूल तोडून आणलं होतं. त्यानं पेढीवरची छोटी भिंगाची डबी काढली, डोळ्याला लावली आणि पाचूत तडा शोधावा तसं ते फूल फिरवून पाहिलं.

"मतलब, माल अस्सल आहे," तो म्हणाला. "पण खाण कुठली, ते नाही सांगता येत."

"पोथी काय म्हणते?"

"पोथीत अर्क लिहिलंय. फुलाचा रंग नाही दिलेला."

"मग झालं तर!"

"तसं नाही, काका. घरात शंका असेल तर नका करू. ग्रह माफ करतात, नातेवाईक नाही करत. उद्या बाईंना साधा ताप आला तरी माझं नाव निघेल."

सगळे वसंतरावांकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा पुसला. "मी तयारच आहे हो," ते म्हणाले. "माझं काय? पण इंदुमतीबाईंच्या जिवाशी खेळ नको. तेवढी खरी रुई मिळाली, की माझी ना नाही."

इंदू तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं सगळ्यांना चहा दिला. वसंतरावांचा कप वेगळा होता, बिनसाखरेचा.

मी निघालो तशी ती मागोमाग फाटकापर्यंत आली.

"काका, ती रुई आहे?"

"आहे."

"नक्की?"

"इंदू, मी जन्मभर खोटं बोललो असेन, पण झाडांविषयी नाही. झाडांना उलट उत्तर देता येत नाही, म्हणून त्यांच्याविषयी मी जपून बोलतो."

तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, "खरं सांगून झालं तुमचं. त्याचं काय झालं, पाहिलंत. आता तुमच्या पद्धतीनं सांगा."

"म्हणजे?"

"भोपळ्यासारखं."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडे खोटं मागायला आलं होतं. एरवी मला ते फुकट वाटावं लागतं.

गुढीपाडव्याला मंडळात श्रीखंड-पुरीचा बेत असतो. जेवणं झाली की मला काहीतरी सांगायला उभं करतात. सगळे होते, रणजीत-सुवर्णा, वसंतराव, कौशिक. खातीपुरा, झोटवाडा, बँकवाले, विमावाले, रेल्वेवाले. मी उभा राहिलो. आणि आता पुढचं सगळं रचलेलं आहे, तेवढं लक्षात ठेवा.

मी म्हटलं, "मंडळी, अमळनेर सोडलं तेव्हा माझ्या बायकोनं सामानात एक उशी दिली. रुईच्या कापसाची. तिनं स्वतः दारातल्या रुईची बोंडं वेचून भरलेली. म्हणाली, परमुलखात झोप लागायची नाही, ही डोक्याखाली घ्या. ती उशी डोक्याखाली घेऊन मी माझ्या डब्यात बसलो आणि इकडे निघालो. इथे केबिनपाशी आलो आणि समोरून अशी वावटळ उठली, की डब्याचं दार उघडलं. उशी खिळ्याला अडकून फाटली, आणि सगळा कापूस आभाळात! स्टेशनमास्तर बाहेर येऊन म्हणाला, जयपुरात बर्फ कसं पडलं? त्या कापसाला बी होतं, मंडळी. सगळं उडून गेलं. एकच बी केबिनमागे पडलं. ते रुजलं. ती रुई आज पुरुषभर उंच झाली आहे. ती इथली नाही. ती अमळनेरची आहे."

हसण्याची जागा होती, पण कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून रणजीत म्हणाला, "मग तिची फुलं इथल्यासारखी कशी?"

मी त्याचीच वाट पाहत होतो.

"फुलांचं काय घेऊन बसलास? तुझी पोरं काय बोलतात घरी? 'पप्पा, मतलब मला नाही यायचं.' ही बँकेतल्या साहेबांची नात मला भैया म्हणते, आणि मी हिच्या आजोबांहून मोठा! आपली पोटची पोरं इथलं पाणी पिऊन इथली झाली. त्यांना काय आपण आपली नव्हेत म्हणतो? त्या बिचारीनं तर नुसता फुलाचा आकार बदललाय. मूळ अमळनेरचंच आहे."

काय सांगू! विभाताई, आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई, पदरानं डोळे टिपायला लागल्या. इंदूर, बडोदे करत करत बदल्यांवर आयुष्य काढलेली बाई ती. दोन्ही जातींची रुई शास्त्रानं एकच, हे खरं सांगितलं तेव्हा भिंतीवरची पाल चुकचुकली नव्हती. आणि या उशीवर अर्धी सभा पाघळली. विभाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपली लेक आहे ती. येत्या रविवारी आपण सगळे जाऊ आणि रीतसर लग्न लावू. कौशिक, तुझी काही शंका?"

"आता खाण कळली," कौशिक म्हणाला. "आता शंका नाही."

रणजीतचं तोंड पडलं. त्याच्या घरच्या चुलीचं काय होणार, हे तिथल्या तिथे त्याच्या कपाळावर उमटलं होतं. वसंतराव टाळ्या वाजवत होते. सगळ्यांबरोबर, सगळ्यांपेक्षा जरा उशिरा.

इंदू माझ्याजवळ आली. "श्रीखंड घ्या अजून, काका," एवढंच म्हणाली आणि वाटी भरून दिली. वाटी काठोकाठ होती.

रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही केबिनमागे जमलो. विभाताईंनी झुडपाला हिरवा खण नेसवला. कुणीतरी मुंडावळ्या आणल्या होत्या, त्या वरच्या फांदीला बांधल्या. इंदूनं यायची गरज नव्हती, तरी ती आली. मोतिया रंगाची साडी नेसून बाभळीच्या सावलीत उभी होती. आपल्या सवतीचं लग्न बघायला आलेली इतकी प्रसन्न बाई मी पाहिली नव्हती. तिनंच घरून हळद भिजवून आणली होती. "दुधाला जपा," ती सगळ्यांना सांगत होती. "पान तुटलं तर हात डोळ्यांना लावू नका."

कौशिकनं मंत्र म्हटले. मग वसंतरावांच्या हातात सूत दिलं. "आता हे रुईभोवती गुंडाळायचं. मग मंगळसूत्र."

वसंतरावांनी सुताचं टोक फांदीशी नेलं आणि हात तिथेच राहिला.

"गुरुजी," ते म्हणाले, "एक शंका आहे."

"आता कसली?"

"ही फुलं... काही झालं तरी पांढरीच आहेत. पंडितरावांनी सांगितलं ते भावनेला पटतं, पण शास्त्राला उत्तर द्यावं लागेल. माझं काय? पण इंदुमतीबाईंच्या जिवाला..."

माझं डोकं फिरलं. मी रणजीतवर धावलो. "काय रे? आता यांच्या कानात काय भरलंस? पुन्हा कुठलं चित्र दाखवलंस?"

सगळी मंडळी रणजीतकडे वळली. विभाताई तर अशा बघत होत्या, की त्याला जागच्या जागी भाजून काढतील. रणजीत लाल झाला. बहिणीला राबवण्याचा दोष एक वेळ त्याला चालला असता, पण न केलेल्या गोष्टीचा नाही.

"मी?" तो ओरडला. "मला काय स्वप्न पडलं होतं प्रोसेराचं? ती दोन चित्रं मला यांनीच पाठवली! वसंतरावांनी! वर म्हणाले, माझं नाव सांगू नका, तुम्ही भाऊ आहात, तुमच्या तोंडून बरं दिसेल!"

बाभळीवर एक होला घुमत होता. तोही थांबल्यासारखा वाटला. पण हे मी जोडलं असेन.

सूत अजून वसंतरावांच्या हातात होतं. इंदू सावलीतून पुढे आली. आवाज चढवला नाही तिनं.

"तुम्ही पाठवली?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

वसंतरावांनी कपाळ पुसलं. "दोनदा मी ते सगळं केलंय, इंदुमतीबाई. दवाखाना, रात्रीची जागरणं, मग घाट. विचारून बसलो, आणि मग घरी गेल्यावर भीती वाटायला लागली. पुन्हा नको वाटलं."

"मग नाही म्हणायचं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

कौशिक पोथी बंद करायला लागला होता. इंदूनं त्याला हातानंच थांबवलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा साक्षीला कुणीतरी असावं म्हणून.

"ही रुई आहे," ती वसंतरावांना म्हणाली. "काकांनी पहिल्या दिवशी सांगितलं ते खरं होतं, आणि ते तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्हाला नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून या झाडाकडून म्हणवून घेत होतात. मी एवढे दिवस झाडावर रागावले होते. उगाच."

"तुमच्या जिवाची काळजी..."

"माझ्या जिवाची काळजी करू नका. तिसरी होऊन मेले असते, तरी माझ्या घरात मेले असते."

इंदूनं त्यांच्या हातातून सूत घेतलं आणि गुंडी करून कौशिकच्या ताटात ठेवलं. विभाताईंनी झुडपाचा खण सोडला, झटकला, घडी करून पर्समध्ये घातला. कुणीतरी मुंडावळ्या काढायला हात वर केला आणि पान तुटून दूध गळायला लागलं, तेव्हा त्या तशाच राहू दिल्या.

पहिला बोलला तो रणजीत. त्याच्या आवाजात एवढा मोकळेपणा मी कधी ऐकला नव्हता.

"जाऊ द्या. योग नव्हता म्हणायचं. चला, सगळे घरी चला, चहा घेऊन जा. उन्हात उभं राहून काय मिळणार? वसंतराव, तुम्हीही चला. मनात काही ठेवू नका."

"नाही, मी..." वसंतराव म्हणाले.

"अहो, चला! एवढं झालं म्हणून माणसं तोडायची का?"

सुवर्णानं इंदूच्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं बाई, वेळेवर कळलं," ती म्हणाली, आणि मला वाटतं, ते ती अगदी मनापासून म्हणाली.

मी आणि इंदू ई-रिक्षात बसलो. ती हळदीची वाटी मांडीवर घेऊन बसली होती. झोटवाड्याच्या रस्त्याला गर्दी लागली. मला गप्प बसणं जमत नाही. मी म्हटलं, "इंदू, एकदा काय झालं, सांगानेरजवळ आमच्या गाडीसमोर एक उंट..."

"आज नको, काका."

मी उंटाला तिथेच उभा ठेवला.

मागून रणजीतची स्कूटर आली. मागे सुवर्णा. स्कूटर आमच्या बरोबरीनं चालवत तो वाकून ओरडला, "ताई, येताना दूध घेऊन ये गं! घरात थेंब नाही, आणि सगळे येतायत!" आणि पुढे निघून गेला.

इंदूनं रिक्षावाल्याच्या खांद्यामागे बोट लावलं. "भैया, आगे बूथ पे रोकना."

दुधाच्या बूथपाशी ती उतरली. काउंटरवर हात ठेवून तिनं मला हाक मारली.

"काका, किती घेऊ? कोण कोण येईल?"

मी सांगायला लागलो. विभाताई, कौशिक, बँकेतल्या साहेबांकडची दोघं, आम्ही. मग थांबलो.

"वसंतराव?" तिनं विचारलं.

"थोडी तरी लाज असेल तर नाही येणार."

"येतील," इंदू म्हणाली. "रणजीतनं आग्रह केलाय. नाही म्हणायला जमत नाही त्यांना."

आणि तिनं एक पिशवी जास्त मागितली.